ध्यानशिबिरातील पथ्यपाणी

विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिरात दिवसाचे शेवटचे पूर्ण जेवण सकाळी ११ वाजता होते. पहाटे ४ वाजता उठण्याची घंटा, साडेसहाला नाश्ता, ११ला जेवण, संध्याकाळी ५ला चहा आणि सोबत थोडे फळ किंवा कुरमुरे, रात्री साडेनऊला दिवे बंद आणि मधला बहुतेक वेळ ध्यान. इगतपुरीच्या धम्मगिरीपासून परदेशातल्या केंद्रांपर्यंत दिनक्रम जवळपास हाच आहे. स्वयंपाक शाकाहारी, साधा आणि सगळ्यांसाठी एकच. बाहेरचे खाणे आणता येत नाही, आवार सोडता येत नाही, आणि दहाव्या दिवसापर्यंत साधकांनी आपसात बोलायचे नसते. कुणाला मधुमेहाचे पथ्य असते, कुणाला गहू चालत नाही, कुणी जैन आहार घेतो, कुणाचा चातुर्मासाचा नेम असतो, तर कुणी हल्लीच कीटो सुरू केलेले असते. अशांना तिथे आपले कसे निभावणार, ही काळजी अर्ज भरतानाच लागते.

या शिबिरांची घडण ब्रह्मदेशातली आहे. मंडाले येथे १९२४ मध्ये एका मारवाडी कुटुंबात जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९५५ मध्ये रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पहिल्यांदा शिबिराला बसले. १९६९ मध्ये ते भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले आणि १९७६ पासून धम्मगिरीत शिबिरे सुरू झाली. ब्रह्मदेशातल्या अनेक ध्यानकेंद्रांत मांसाहार वर्ज्य नसतो. थेरवादी भिक्षूलाही, प्राणी आपल्यासाठी मारलेला पाहिला, ऐकला वा तसा संशय आला नसेल, तर मांस चालते. गोएंकांच्या शिबिरांत मात्र जेवण शाकाहारीच असते. शिबिराचे शुल्क नाही. जुन्या साधकांच्या दानातून खर्च भागतो, आणि आधी एखादे शिबिर पूर्ण केलेले धम्मसेवक स्वयंपाकाला व वाढायला हात लावतात. समोरचे ताट कुणीतरी दिलेले असते. म्हणून खानावळीत करावी तशी फर्माईश तिथे शोभत नाही.

अर्जासोबत मिळणाऱ्या अनुशासन संहितेत आहाराबद्दल तीन गोष्टी स्पष्ट आहेत. प्रत्येकाच्या आवडीनिवडी आणि खास गरजा पुरवणे शक्य नाही, तेव्हा साधकांनी मिळेल त्या साध्या शाकाहारी जेवणावर निभवावे. आजारामुळे डॉक्टरांनी विशेष आहार सांगितला असेल, तर तो अर्ज करतानाच कळवावा. उपवासाला परवानगी नाही. या तीन कलमांतच बहुतेक प्रश्नांचा निवाडा होतो. आजार, व्रत आणि आवड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिबिराचे स्वयंपाकघर त्या वेगळ्याच धरते. अडचण होते ती साधकाकडून यांची सरमिसळ झाल्यावर. कुणी आवडीला आजाराचे नाव देतो, तर कुणी खरा आजार संकोचाने आवडीच्या खात्यात टाकून गप्प बसतो. यातला दुसरा प्रकार जास्त धोक्याचा.

दुपारनंतर न जेवण्याचा नियमही सर्वांना सारखा नाही. पहिल्यांदा येणारा साधक पंचशील पाळतो. त्याला पाचच्या सुटीत दुधाचा चहा आणि फळ मिळते. एक शिबिर पूर्ण केलेला साधक जुना समजला जातो आणि त्याला अष्टशील असतात. त्यातले सहावे शील दुपारनंतरच्या भोजनाचे. संध्याकाळी तो बिनदुधाचा चहा किंवा फळांचा रस घेतो. भारतात बहुधा लिंबूपाणी असते. घड्याळाचा हिशेब केला, तर साडेअकराला ताटावरून उठलेला जुना साधक थेट दुसऱ्या दिवशी साडेसहाला खातो. हे अंतर १९ तासांचे. नव्या साधकाचे संध्याकाळी पाच ते सकाळी साडेसहा म्हणजे साडेतेरा तास. निरोगी माणसाला दोन्ही झेपतात. प्रकृतीच्या कारणाने आचार्य जुन्या साधकाला सहाव्या शीलातून मोकळीक देऊ शकतात, हेही संहितेतच लिहिलेले आहे. ती मागण्यात कमीपणा मानायचे कारण नाही.

या नियमाची मुळे बुद्धाच्या भिक्षुसंघात सापडतात. मज्झिमनिकायातल्या एका सुत्तात उदायी नावाचा भिक्षू जुने दिवस आठवतो. आधी संघात सकाळी, दुपारी आणि रात्रीही जेवण चाले. बुद्धाने पहिल्यांदा दुपारचे अवेळी जेवण सोडायला सांगितले, पुढे रात्रीचेही. उदायीला याचे वाईट वाटले होते, कारण गृहस्थांच्या घरी चांगलेचुंगले रांधले जाई ते संध्याकाळीच. पण अंधारात भिक्षेला निघालेले भिक्षू गटारात पडत, काटेरी झुडपात शिरत, झोपलेल्या गाईला अडखळत, चोरांच्या तावडीत सापडत. एकदा तर भांडी घासणारी एक बाई विजेच्या लखलखाटात उदायीला पाहून भूत समजून किंचाळली. नियमामागे वैराग्य होते तसा हा रोकडा व्यवहारही होता. दुसऱ्याच्या दारी जेवणाऱ्याने त्याच्या दाराशी कोणत्या वेळी उभे राहावे, याचा तो विचार होता.

त्याच निकायात भद्दालीची गोष्ट येते. एका बैठकीत एकदाच जेवण्याचा नियम त्याला झेपेना, आणि त्याने ते सर्वांसमोर सांगितले. बुद्धाने त्याला सवलत देऊ केली: आमंत्रण असेल तिथे थोडे खा, उरलेले सोबत आणून नंतर खा. त्यालाही तो तयार झाला नाही आणि वर्षावासाचे तीन महिने बुद्धाला तोंड दाखवायचे टाळत राहिला. शेवटी त्याने क्षमा मागितली. ताटावरून होणारी कुरबूर अडीच हजार वर्षांपूर्वीही होती, ती अशी. आजाऱ्याची गोष्ट मात्र विनयपिटकाने वेगळी ठेवली. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे आजारी भिक्षूला दुपारनंतरही घेता येतात आणि सात दिवस जवळ ठेवता येतात. आंबा, जांभूळ, केळे अशा फळांची गाळलेली पेये दुपारनंतर चालतात. जुन्या साधकाच्या हातातल्या आजच्या फळांच्या रसाला असा आधार आहे.

कमी आणि वेळेवर खाण्याचा आग्रह इतर परंपरांतही दिसतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि अजिबात न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असे म्हटले आहे. हठप्रदीपिका पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायला सांगते. आचार्य महाप्रज्ञांच्या प्रेक्षाध्यानात मिताहार हा दीक्षेच्या पाच सूत्रांपैकी एक आहे. जपानी झेन गुरू दोगेन यांनी तर १२३७ मध्ये मठातल्या आचाऱ्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यामागचे शारीरिक कारण सोपे आहे. भरल्या पोटी बसले की डुलकी येते, आणि दिवसभर बसून असलेल्या शरीराला एरवीइतके अन्न लागतही नाही. तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत अनेक जण अकराच्या जेवणात रात्रीचाही वाटा भरून घेतात आणि एक वाजताच्या ध्यानात पेंगतात.

सगळ्यात काळजीपूर्वक आखणी लागते ती मधुमेहींना. अडचण ताटात काय आहे याची जितकी, त्याहून अधिक औषध आणि जेवण यांची वेळ जुळण्याची आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन स्रवायला लावतात. रात्रीच्या जेवणाआधीची गोळी शिबिरातही सवयीने घेतली आणि जेवण झालेच नाही, तर मध्यरात्रीनंतर साखर घसरू शकते. सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या मिश्र इन्सुलिनच्या दुसऱ्या मात्रेचेही तेच. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याला हा धोका फार कमी असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्यांचा प्रश्न निराळा: लांबलेली उपासमार आणि कमी पाणी यांत त्या घेत राहिल्यास रक्तात कीटोन वाढून गंभीर आजार होऊ शकतो, आणि तो साखर फारशी वाढलेली नसतानाही. म्हणून शिबिराचे वेळापत्रक कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावे आणि कोणती मात्रा कमी करायची, कोणती हलवायची, कोणती थांबवायची हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. हे काम निदान दोन-तीन आठवडे आधी व्हावे, म्हणजे घरीच चार दिवस त्या वेळा पाळून साखर तपासून पाहता येते.

यात शिबिरापुरती एक खास मेख आहे. चौथ्या दिवसापासून साधकाला अंगावरच्या संवेदना नुसत्या तटस्थपणे पाहायला शिकवले जाते. घाम, थरथर, धडधड, हातापायांतली झिणझिणी, जे येईल ते येऊ द्यायचे आणि प्रतिक्रिया द्यायची नाही. साखर उतरल्याची लक्षणेही नेमकी हीच. मन लावून बसलेला साधक त्यांनाही साधनेचाच भाग समजून स्वस्थ बसून राहण्याची शक्यता असते. मधुमेह्याने इथे समता बाजूला ठेवून ग्लुकोमीटर हातात घ्यावा. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साधारण तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि सावरल्यावर थोडे काही खावे. ग्लुकोजची पुडी, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या खोलीत ठेवण्याची, तसेच इन्सुलिन थंड जागी ठेवण्याची व्यवस्था पहिल्याच दिवशी व्यवस्थापकांशी बोलून ठरवावी. खोलीतल्या सोबत्याला आणि धम्मसेवकालाही मौन सुरू होण्याआधी कल्पना दिलेली बरी.

दुसऱ्या टोकाला साखर वाढण्याची शक्यताही आहे. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी भात-पोळी, संध्याकाळी कुरमुरे आणि केळे असा पिष्टमय पदार्थांचा क्रम लागतो, आणि चालणे आवारातल्या फेऱ्यांपुरते उरते. अशा वेळी वेगळा स्वयंपाक न मागताही बरेच काही साधते: मोड आलेली कडधान्ये असतील तर ती जास्त, भात कमी, बटाट्याऐवजी पालेभाजी, चहा बिनसाखरेचा. बिनसाखरेचा चहा आधी कळवला तर बहुधा वेगळा मिळतो.

ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातले जेवण वरवर सोपे वाटते. भात, वरण, भाजी, ताक आहे, पोळी नाही खाल्ली म्हणजे झाले. सीलिॲक रोग असलेल्याला एवढे पुरत नाही. बाजारातल्या हिंगपुडीत हिंग थोडा आणि पीठ जास्त असते, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचे. तो हिंग फोडणीतून वरणात आणि भाजीत जातो. उपम्यातला रवा, लापशी, शेवया, सातूचे पीठ हे सगळे गव्हाचेच किंवा गहूमिश्रित. ज्वारी-बाजरीची भाकरी चालते, पण गव्हाची पोळी भाजलेल्या तव्यावर भाजलेली किंवा तिच्याच परातीत मळलेली नाही. शेकडो माणसांच्या स्वयंपाकात हे सोवळे सांभाळणे अवघड आहे. फोडणीआधी काढलेले वरण, साधा भात, उकडलेली भाजी, फळे आणि दही एवढे वेगळे मिळेल का, असा नेमका प्रश्न केंद्राला आधी विचारावा. नुसते 'ग्लुटेन चालत नाही' असे कळवले तर पोळी वाढू नये एवढाच त्याचा अर्थ घेतला जाण्याची शक्यता असते. गव्हाने नुसते पोट जड होत असेल, तर तो आजार नव्हे. तिथे दहा दिवस भातावर भागते.

मूत्रपिंडाच्या रुग्णांना केळी, नारळपाणी, टोमॅटो यांतले पोटॅशियम, वरणातली प्रथिने आणि मीठ, तिन्हींकडे पाहावे लागते. सामूहिक स्वयंपाकात हे जमणे कठीण, तेव्हा डॉक्टरांची लेखी संमती आणि केंद्राचा स्पष्ट होकार मिळाल्याशिवाय जाऊ नये. गर्भवतींनी आणि खाण्याशी निगडित मानसिक विकारातून गेलेल्यांनीही अर्जात हे लपवू नये. कमी खाण्याला जिथे मान मिळतो, अशी जागा त्या जुन्या विकाराला खतपाणी घालू शकते.

दूध न चालणाऱ्यांचे काम सोपे आहे. फोडणी बहुधा तेलाची असते, तूप वरून वाढले जाते, तेव्हा नको म्हणता येते. प्राणिजन्य काहीच न घेणाऱ्यांनी संध्याकाळी चहाऐवजी फळ घेतले की झाले. दुधातली साखर न पचणाऱ्या अनेकांना दही आणि ताक मात्र सोसते.

जैन साधकांना शिबिराच्या वेळा आयत्याच सोयीच्या पडतात. महाराष्ट्रात पाचचे खाणे हिवाळ्यातही सूर्यास्ताआधी आटोपते, त्यामुळे सूर्यास्तानंतर न खाण्याचा नेम आपोआप पाळला जातो. कांदा, लसूण आणि बटाट्याचे काय, हे केंद्रागणिक बदलते आणि आधी विचारून घ्यावे लागते. आषाढातल्या कांदेनवमीनंतर कांदा, लसूण, वांगे सोडणाऱ्या घरांनाही चार महिने हाच प्रश्न असतो. इथे व्रत मोडायची गरज नसते. जे चालत नाही ते ताटात घेऊ नये, आणि त्याबद्दल कुणाला सांगत बसू नये, एवढे पुरते.

उपवासाचे मात्र तसे नाही. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रोजे यांपैकी काहीही शिबिराच्या काळात धरता येत नाही. या दहा दिवसांत जप, माळ, धूप, उपवास अशी सर्व धार्मिक कर्मे बाजूला ठेवायला सांगितले जाते. हेतू एवढाच की एकच पद्धत निर्भेळ वापरून पाहावी. शिवाय रोज दहा-साडेदहा तास बसायचे, तर अंगात ताकद हवी. महाराष्ट्रात उपवासाला साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी लागते. म्हणजे शिबिरातल्या साध्या दिवसापेक्षा घरचा उपवास कधीकधी जड पडतो, हा भाग वेगळा. ज्यांना एकादशी सोडणे मनाला लागेल, त्यांनी पंचांग पाहून तारीख निवडावी. दोन एकादश्यांमधल्या चौदा-पंधरा दिवसांत शिबिर बसू शकते. रमजानच्या महिन्यात मात्र रोजे ठेवणाऱ्याने अर्ज न केलेलाच बरा.

राहिली आवड. कीटोवर असलेल्याला भात, पोळी, डाळ आणि फळ सगळेच निषिद्ध. त्याचे शिबिरात जमणार नाही, आणि वजनासाठी घेतलेला आहार दहा दिवस थांबवल्याने काही बिघडत नाही. दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात जेवणाऱ्यांना इथले गणित उलटे मांडावे लागते. व्यायामशाळेत जाणाऱ्यांना प्रथिनांची चिंता असते. भारतीय आहारतज्ज्ञांच्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला दर किलो वजनामागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वरण, मोड आलेले मूग, दूध आणि दही यांतून ही मजल बरीचशी गाठता येते. रोज मासे किंवा मटण खाणाऱ्या घरातून आलेल्या साधकाला खरे तर शिबिराचे ताट हेच विशेष पथ्य. त्याच्यासाठी वेगळे कलम कुणी लिहीत नाही, आणि तो विनातक्रार ते पाळतो.

चहा-कॉफीचे व्यसन ताटात दिसत नाही, पण पहिले दोन दिवस तेच गाजते. नेहमीची कॉफी तुटली की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, पहिल्या दोन दिवसांत ते कळसाला जाते आणि काहींना आठवडाभर रेंगाळते. शिबिरात चहा मिळतो, पण दिवसातून पाच-सहा कप घेणाऱ्याची तलफ त्यात भागत नाही. आठवडाभर आधी रोज एकेक कप कमी करत गेल्यास हा त्रास बहुतांशी टळतो. तंबाखू, मिसरी, गुटखा पूर्ण बंद असतात. तिथे तयारीला आठवडाही अपुराच. बद्धकोष्ठ ही आणखी एक सार्वत्रिक तक्रार. बसणे वाढते, पाणी कमी जाते, जागा नवी असते. मधल्या सुट्ट्यांत चालणे आणि आठवणीने पाणी पिणे हाच त्यावर साधा उपाय. आम्लपित्त असणाऱ्यांनी आपले औषध बरोबर न्यावे, कारण रात्रीचे रिकामे पोट पहिल्या काही दिवसांत छातीत जळजळ उठवते.

इतर औषधांचेही वेळापत्रक पाहून घ्यावे लागते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. पहाटे चारला उठणाऱ्याला यापेक्षा सोयीची वेळ मिळणार नाही. 'रात्री जेवणानंतर' असे लिहिलेल्या गोळ्या, विशेषतः वेदनाशामके, अकराच्या जेवणानंतर घेता येतील का, हे डॉक्टरांना विचारावे. अपस्माराची आणि मनोविकाराची औषधे शिबिरासाठी म्हणून कधीही थांबवू नयेत, आणि ती चालू असल्याचे अर्जात लिहावे.

सांगायचे ते कसे सांगावे, यावरही बरेच अवलंबून असते. अर्जात आजाराचे नाव, काय चालत नाही, काय चालते आणि न मिळाल्यास काय होते, या चार गोष्टी दोन ओळींत लिहाव्यात. केंद्राने जमणार नाही असे कळवले, तर ते नकारापेक्षा प्रामाणिक उत्तर समजावे. दुसऱ्या केंद्राच्या स्वयंपाकघरात कदाचित जमेल. शिबिर सुरू झाल्यावरही वाट बंद होत नाही. मौन साधकांच्या आपसातल्या बोलण्याचे असते. खाणे, औषध, खोली यांबद्दल व्यवस्थापकांशी आणि साधनेबद्दल आचार्यांशी कामापुरते बोलता येते. दुपारी बारा ते एक ही आचार्यांना भेटण्याची वेळ असते. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊ लागली आणि साधक मौनाच्या धाकाने आठव्या दिवसापर्यंत गप्प राहिला, तर दोष नियमाचा नसतो.

दहाव्या दिवशी मौन सुटते आणि अकराव्या दिवशी सकाळी शिबिर संपते. घरी त्याच रात्री पूर्वीसारखे जेवण समोर येते, बहुधा थोडे कौतुकाचे आणि म्हणून जास्तच. दहा दिवस रात्री रिकामे राहिलेल्या पोटाला पहिल्या दिवशी मऊ भात, मुगाचे वरण असे हलके खाणे सोसते. मधुमेह्याने बदललेली मात्रा त्या रात्रीपासून पूर्ववत करायची की हळूहळू, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून त्याच कागदावर लिहून घेतलेले असावे, आणि पहिले दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ साखर तपासावी.